पंचकातलं घर

दोरीवरचं वाळलेलं लुगडं मी काढलं, मोरीतल्या नळाखाली धरून पुन्हा ओलं केलं, पिळलं आणि गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत परत वाळत घातलं. खाली अंगणात आरामखुर्ची टाकून वागळे पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे न बघता स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि जरा मोठ्यानंच विचारलं, "माई, चहा टाकू का?"

घरात चिटपाखरू नव्हतं. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिकडे माहीमला होत्या आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे मी त्या वेळी शाळेत वह्या तपासत होते. मी आता सत्तरीला आलेय, पण तो चहा आठवला की अजून कानशिलं गरम होतात. रिकाम्या घरात आपणच विचारायचं आणि उत्तराला थांबल्यासारखं उभं राहायचं. मग खरंच कुणी हो म्हणालं तर, या विचारानं मी भराभरा दिवे लावत सुटायची.

आमची ती जागा दादरला हिंदू कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. पाच खोल्या, रस्त्याच्या बाजूला लांबलचक गॅलरी आणि पंगत बसेल एवढं स्वयंपाकघर. सगळं भाड्याचं. अप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, तरुणपणी घेतलेली जागा आणि भाडं जवळपास तेव्हाचंच. मुंबईत एवढी जागा म्हणजे काय, हे दुसऱ्या गावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या मावशीनं मुलाला नीट बघितलंसुद्धा नव्हतं. घर फिरून आली आणि माझ्या कानात म्हणाली, मुलगा कसा का असेना, गॅलरी आहे. मुलगा चांगला निघाला, ते माझं नशीब.

वागळे मालक होते. इमारत त्यांच्या वडिलांनी बांधलेली, पण वरच्या मजल्यांवर आम्ही भाडेकरू ऐसपैस पसरलेलो आणि मालक खाली तीन खोल्यांत. त्यांचा मुलगा नुकताच डॉक्टर झाला होता, त्याला दवाखान्याला जागा हवी होती. वागळे दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही खुर्ची टाकून वर बघत बसले असते.

अप्पा गेले दिवाळी सरल्यावर, झोपेतच. हेवा वाटावा असं मरण, असं सगळे म्हणाले. पण गुरुजींनी पंचांग उघडलं आणि त्यांची बोटं थबकली. धनिष्ठा नक्षत्र. पंचक लागलेलं. पंचकात माणूस गेलं तर मागे आणखी पाच जणांना ओढतं, असं मानतात. म्हणून दर्भाचे पाच पुतळे करून तेही अप्पांबरोबर अग्नीला दिले. शांत करू म्हणजे झालं, आताशा एवढं कुणी पाळत नाही, असं गुरुजी स्वतःच म्हणाले. तेराव्याचं जेवण आटोपल्यावर मात्र माईंनी आम्हां सगळ्यांना बसवून सांगितलं, की सहा महिने घर सोडायचं. घराला कुलूप लावायचं आणि सहा महिने कुणीही उंबरा ओलांडायचा नाही.

माझे धाकटे दीर म्हणाले, आई, आजकाल हे असलं. त्यावर माईंनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या माहेरी, पेणला, त्यांचे आजोबा असेच पंचकात गेले. घर कुणी सोडलं नाही. वर्षाच्या आत आई गेली, दोघे भाऊ गेले आणि काकू गेली.

"मी नऊ वर्षांची होते," माई म्हणाल्या. "पाचवं कोण, म्हणून अंथरुणात सगळ्यांचे श्वास ऐकत पडायची. घर गेलं तर जाऊ दे. माणूस जाता कामा नये."

धाकटे दीर बायकामुलांना घेऊन कल्याणला सासुरवाडीला गेले. आम्ही दोघं आणि माई माहीमला गेलो. तिथे माईंच्या मावसबहिणीच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. एका खोलीत उभं राहिलं की दुसरीतल्या माणसाची कूस बदललेली कळे.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांचे मित्र सबनीस भेटायला आले. ते वकील. घर सहा महिने बंद ठेवणार हे कळल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ह्यांना गॅलरीत नेऊन हळू आवाजात म्हणाले, असलं काही करू नका. भाड्याची जागा सलग सहा महिने कारणाशिवाय बंद राहिली की मालकाला ती परत मागता येते. आणि पंचक हे कारण कोर्टाला पटेल असं मला वाटत नाही. घरात कुणीतरी राहतंय, वापर आहे, हे दिसलं पाहिजे.

म्हणजे बघा, शास्त्राचेही सहा महिने आणि कायद्याचेही सहाच. एकाचं ऐकावं तर दुसरं डोक्यावर बसणार.

माईंना हे सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. त्यांनी जाऊ दे घर म्हणून टाकलं असतं आणि आम्ही जन्मभर त्या दोन खोल्यांत कूस बदलत राहिलो असतो. रोज जाऊन दिवा लावायचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी गेले आणि तासाभरात परत आले, चेहरा पांढराफटक. दारापर्यंत गेलो, किल्लीही लावली, पण पाय उचलेना, म्हणाले. मी काही हसले नाही. आईचं दूध पिऊन वाढलेला माणूस आईची भीती पिऊनही वाढलेला असतो.

मग मी म्हटलं, मी जाते. माझी शाळा तिथून पाच मिनिटांवर. शिवाय माझ्या माहेरी पंचांग फक्त सुट्ट्या बघायला आणत. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे, कुलूप उघडेपर्यंत नव्हता.

शाळा सुटली की मी घरी जायची, खिडक्या उघडायची, रेडिओ लावायची, कुकरची एक शिटी काढायची. कपडे वाळत घालायची. घर नांदतंय की नाही हे मुंबईत लोक दोरीवरून ओळखतात. माईंचं नऊवारी लुगडं सगळ्यांत लांब, रस्त्यावरूनही दिसे, म्हणून मी रोज तेच घालायची. हिरव्या काठांचं, फिक्या पिवळ्या रंगाचं. अप्पा गेल्यावर माईंनी ते नेसणं सोडलं होतं, माहीमला नेलंच नव्हतं. दिवेलागण झाली की दिवे लावून थोडी बसायची, मग पुढच्या खोलीतला दिवा तसाच ठेवून मागच्या जिन्यानं उतरायची. वह्या तपासायच्या होत्या, असं माईंना सांगायची.

भीती वाटायची का? वाटायची. अप्पांच्या खोलीचं दार मी कधी उघडलं नाही. कुकरची शिटी झाली की दचकायची, शिटी मीच काढलेली असून.

आणि मग डिसेंबरात मला कळलं, की मला दिवस गेलेत.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. एकदा राहिलं होतं, ते याच घरात पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर काही नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. अप्पा गेले तेव्हाच बाळ पोटात होतं, म्हणजे गेला महिनाभर मी त्याला घेऊनच त्या घरात शिरत होते. हे म्हणाले, उद्यापासून बंद. मी विचारलं, मग कोण जाणार? दुसऱ्या दिवशी मी गेले.

माईंना माझ्या ओकाऱ्यांवरून दोन दिवसांत कळलं. माझ्या ताटात तुपाची धार वाढली आणि रात्री मी कुशीवर वळले की पलीकडून त्यांचा आवाज यायचा, "हेमा, बरी आहेस ना?" प्रत्येक वेळी मी हो म्हणायची. ह्या बाई मला वाचवायला घर सोडून आल्या होत्या आणि मी रोज त्याच घरात जाऊन येत होते. काही झालं असतं तर? मी मानत नव्हते. पण भीतीला आपण मानतो की नाही याच्याशी काय देणंघेणं?

संक्रांतीनंतरची गोष्ट. संध्याकाळी मी माहीमला परतले तर दाराबाहेर काळे पंपशू. मी ते ओळखले.

वागळे खुर्चीत बसून चहा पीत होते. माई समोर पाटावर. अप्पांच्या आठवणी चालल्या होत्या, कसे सज्जन, कसा कधी आवाज म्हणून चढला नाही. मला बघून वागळ्यांनी बशी खाली ठेवली.

"आल्या का सूनबाई. माई, खरं सांगू का, मला आधी वाटलं तुम्हीच परत आलात. लुगडं तुमचंच की, रोज वाळत असतं. मग लक्षात आलं, ह्या येऊन घालतात. आता घर तसं, आणि ह्यांची अवस्था ही अशी, ओकाऱ्या खालपर्यंत ऐकू येतात. मला काही राहवलं नाही. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

त्यांच्या आवाजात काळजीच होती. हीच तर त्या माणसाची हुशारी. कोर्टाचं नाव नाही, नोटीस नाही. सासूला कळलं की सून घरात पाऊल टाकणार नाही, घर आपोआप बंद पडेल आणि बाकीचं कायदा बघून घेईल.

माईंनी आणखी चहा घ्याल का विचारलं. ते नको म्हणाले, उठले, नमस्कार करून गेले. मी भिंतीला टेकून उभी होते. माईंनी कपबशी उचलून मोरीत नेली, विसळली, पालथी घातली. मग विचारलं, "कधीपासून?"

मी सगळं सांगितलं. सबनीस काय म्हणाले ते, हे दारातून परत आले ते, रेडिओ, कुकर, सगळं. त्या ओरडतील अशी माझी अपेक्षा होती. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या माझ्या पोटाकडे बघत होत्या. मला त्यांच्या नजरेची भीती वाटली, कारण ती नऊ वर्षांच्या मुलीची होती.

हे घरी आल्यावर त्यांनाही माईंनी काही विचारलं नाही. जेवणं झाली. झोपताना त्यांनी दिवा मालवला आणि अंधारात म्हणाल्या, "माझं लुगडं तिथे वाळतंय. मग मीच तिथे असलेलं बरं."

सकाळी न्हाऊन तयार झाल्या, कापडी पिशवी भरली आणि किल्ली मागितली. ह्यांनी त्यांचे पाय धरले. आई, मी जातो, मी राहतो, म्हणू लागले. माईंनी त्यांना उठवलं.

"तुला तुझं मूल बघायचंय, दिगू. मी बघितलंय सगळं. न्यायचंच असेल कुणाला तर मी समोरच आहे. दुसरं कुणी शोधत बसायला नको."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी ती पटकन दुसऱ्या हातात घेतली. जड दिसत होती. मला म्हणाल्या, माझी शपथ आहे, आजपासून सहा महिने पुरे होईतो तू उंबरा ओलांडायचा नाहीस. जेवण आणायचं तर दारातून द्यायचं.

माझा संताप झाला होता, स्वतःवर आणि थोडा त्यांच्यावरही. असल्या समजुतीपायी एक म्हातारी बाई पाच खोल्यांत एकटी मरणाची वाट बघत बसणार, आणि तिला तसं बसवणारी मी. पण त्यांच्यापुढे बोलायची माझी प्राज्ञा नव्हती.

त्या दिवसापासून माझी खरी भीती सुरू झाली. आधीची तर नुसती तालीम म्हणायची. शाळा सुटली की मी डबा घेऊन जिना चढायची. माई खाली कधी उतरत नसत, वागळ्यांना दिसायचा तो फक्त माझा डबा. दार नुसतं लोटलेलं असे, कडी त्या कधी लावत नसत. मुंबईत एकटी बाई आणि दाराला कडी नाही, हे मी दोनदा बोलून बघितलं, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी दार वाजवायची आणि थांबायची. आत दूरवर त्यांच्या सपाता वाजू लागायच्या. वाजवणं आणि सपाता यांच्यामधला जो वेळ असायचा, तो मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पोटात बाळ हलायला लागलं तेसुद्धा असंच त्या दारात, सपातांची वाट बघताना.

माई डबा घेत, तपासत, वालाचं बिरडं असलं की खूश होत. मी बाहेर, त्या आत. मध्ये उंबरा. तिथेच उभ्या उभ्या आमच्या गप्पा व्हायच्या. पाय सुजतात का, झोप लागते का. आठ वर्षांत आम्ही एका स्वयंपाकघरात वावरून बोललो नव्हतो तेवढं त्या दारात बोललो. मी दिवस मोजायची नाही. मोजले की कमी होत नाहीत असं वाटायचं.

शाळेच्या परीक्षा चालू होत्या तेव्हाची गोष्ट. मी दार वाजवलं. सपाता वाजल्या नाहीत. पुन्हा वाजवलं. हाका मारल्या. मग दार ढकललं. समोर लांब पॅसेज, त्याच्या टोकाला स्वयंपाकघरातला थोडा उजेड, आणि कुणी नाही. शपथ गेली खड्ड्यात, म्हणून मी पाऊल उचललं.

"तिथेच थांब." अप्पांच्या खोलीतून माईंचा आवाज आला, चिरका. "आत येऊ नकोस. ताप आहे जरा."

जरा नव्हता. आवाजावरूनच कळत होतं. मी डॉक्टरांना घेऊन येते म्हटलं, त्या नको म्हणाल्या, दुसऱ्याचं माणूस इथे कशाला आणायचं. मी उंबऱ्याशी डबा धरून उभी, रडायला लागले होते, आणि तेवढ्यात मागे जिन्यावर पावलं वाजली.

वागळे होते. बरोबर धोतर-कोट घातलेले कुणी वयस्क गृहस्थ. मला दाराबाहेर बघून वागळ्यांचा चेहरा उजळला. त्या गृहस्थांना म्हणाले, हे बघा, सूनसुद्धा बाहेरच उभी आहे. डबा आणायचा, दारात उभं राहायचं, संध्याकाळी दिवा लावायचा. राहत कुणी नाही, नुसता देखावा. तुम्ही साक्षीला राहा म्हणजे झालं.

मी तोंड उघडणार, तोच आतून सपाता वाजल्या. सावकाश, मध्येमध्ये थांबत. माई पॅसेजमधून आल्या. अंगावर शाल, डोळे तापानं लाल, एक हात भिंतीवर. पण लुगडं तेच, हिरव्या काठांचं. उंबऱ्याच्या आत येऊन त्या उभ्या राहिल्या.

"वागळे? या ना," त्या म्हणाल्या. "घर बघायला आलात का? या, आत या. पाचही खोल्या दाखवते. चहा टाकते."

वागळे पुढे आले. एकच पाऊल. मग त्यांची नजर खाली उंबऱ्याकडे गेली आणि पाऊल तिथेच थांबलं. बरोबरच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, काय हो, हेच का ते पंचकाचं घर? गृहस्थ दोन पायऱ्या खाली उतरले.

"या की," माई पुन्हा म्हणाल्या. "जागा पाहिजे ना तुम्हाला? मग आत तर यायला हवं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता हो. पाहुण्याला म्हणावं तसं म्हणत होत्या. वागळ्यांनी कपाळावरचा घाम पुसला. आज नको, आंघोळीला उशीर झालाय, असं काहीतरी पुटपुटले. संध्याकाळच्या पावणेसहाला कसली आंघोळ? मग जरा थांबले आणि खाली मान घालून म्हणाले, माई, तब्येत बरी दिसत नाही, मुलाला पाठवू का बघायला? माई म्हणाल्या, त्याला कशाला, तरुण आहे, त्याला इकडे पाठवू नका. वागळ्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि जिना उतरून गेले. पुढे त्यांनी नोटीस वगैरे काही दिली नाही. साक्षीदारानं स्वतःच्या डोळ्यांनी बाई राहताना बघितली होती, देणार तरी काय? पण मला वाटतं ते कारण नव्हतं. तासाभरानं त्यांच्या मुलानं तापाच्या गोळ्या मात्र दारात आणून ठेवल्या.

ते गेल्यावर माई तिथेच मटकन खाली बसल्या, भिंतीला टेकून. मी बाहेर बसले, पायरीवर. माझा हात त्यांच्यापर्यंत पोचत होता, पण त्यांनी तो धरू दिला नाही. आज मला आतच बसू द्या तुमच्याजवळ, मी म्हणाले. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "बस की. तिकडूनच बस." हे आले तेव्हा अंधार पडला होता आणि आम्ही दोघी तशाच बसलेल्या होतो.

ताप चौथ्या दिवशी उतरला. त्या चार दिवसांविषयी मी काही सांगणार नाही.

मेमध्ये सहा महिने पुरे झाले. गुरुजी येऊन आधी शांत करून गेले होते. मला सातवा संपत आलेला. जिना चढताना मी दोनदा थांबले. दार आज सताड उघडं होतं आणि माई पॅसेजमध्ये उभ्या होत्या. मी सवयीनं उंबऱ्याशी थबकले. थांब, म्हणाल्या, आणि अप्पांच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात गंगेचा गडू होता, काशीहून आणतात तो, तांब्याचा. त्यातलं पाणी तुळशीच्या पानानं त्या खोल्याखोल्यांतून शिंपडत आल्या आणि शेवटी उंबऱ्यावर आल्या.

आमच्या देवघरात एक असला गडू होता, तोंडाशी डाक लावून बंद केलेला. घरातलं कुणी जायला टेकलं की उघडायचा, तोंडात दोन थेंब घालायला. अप्पा झोपेत गेले म्हणून तो राहून गेला होता. माहीमला जाताना माईंनी तो बरोबर घेतला होता आणि परत येताना त्या जड पिशवीत आणला होता, हे मला तेव्हा कळलं. मी गडूकडे बघितलं. डाक आत्ता काढलेला नव्हता. कडा पार हिरव्या पडल्या होत्या.

"हा केव्हा उघडलात?" मी विचारलं.

"आले त्याच दिवशी." माई पानानं माझ्या कपाळावर पाणी लावत होत्या. "इथे तोंडात घालायला कोण होतं? मग आपलं आपल्याला घेता यावं. ऐन वेळी डाक काढायला हाताला जोर कुठून आणायचा, म्हणून उघडून उशाशी ठेवला होता."

मला दाराची कडी आठवली. कुणाला दार फोडावं लागू नये म्हणून ती कधी लावली नव्हती त्यांनी.

मी रडायला लागले. माईंनी गडू हलवून बघितला. तळाशी थोडं पाणी होतं.

"हे बाळाच्या आंघोळीला राहू दे," त्या म्हणाल्या. "चल, ये आता आत. पाय आधी धुऊन घे."